नागपुरात बसून जहाजाच्या तळाचं कोटिंग: कोणतं पॉलिमर घ्यावं, काय मोजावं

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपुरात सरफेस कोटिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थ्याला जहाजाच्या तळावर शेवाळ, शिंपले, बार्नॅकल (खडकाला, जहाजाला घट्ट चिकटणारे कवचवाले प्राणी) चिकटू न देणारं पर्यावरणपूरक पॉलिमर कोटिंग प्रकल्पासाठी करायचं आहे. गाइडने सुचवलंय, एपॉक्सीत नॅनो झिंक ऑक्साइड आणि संत्र्याच्या सालीचा अर्क घाल. हे चालेल का, नसेल तर कोणतं पॉलिमर घेऊ, आणि समुद्र नसलेल्या गावात चाचणी कशी करू, असं त्याने विचारलंय.

आधी थेट उत्तर देते. एपॉक्सीच्या वाटेला जाऊ नकोस, सिलोक्सेन-पॉलियुरेथेन (वर सिलिकॉन, खाली कणखर युरेथेन) घे. समुद्र नाही म्हणून फारसं अडत नाही. या विषयातलं निम्मं काम बीकर, काँटॅक्ट अँगलचं (पाण्याचा थेंब पृष्ठभागावर किती कोनात बसतो ते मोजायचं) यंत्र आणि पुल-ऑफ टेस्टर (चिकटलेलं ओढून काढायला किती जोर लागतो ते मोजणारं साधन) यांवर होतं. उरलेल्या निम्म्यासाठी पॅनल (कोटिंग लावलेले पत्रे) किनाऱ्यावर न्यावेच लागतात, त्याला पळवाट नाही. आता कारणं सांगते. जरा लांबण लागेल. मी एलआयटीतून, म्हणजे नागपूरच्या लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्थेतून, शिकून पुढची सगळी नोकरी मरीन पेंटमध्येच केली, त्यामुळे माझी मतं ठाम आहेत. पटली नाहीत तर मोजून दाखव, मग भांडू.

समुद्राच्या पाण्यात कोरा पत्रा बुडवला की काही मिनिटांतच त्यावर प्रथिनं आणि पॉलिसॅकराइड यांचा न दिसणारा थर बसतो. दिवसभरात जिवाणू येतात, पाठोपाठ डायटम (एकपेशीय शेवाळ). हाताला बुळबुळीत लागतं ते हेच. मग हिरव्या शेवाळाचे बीजाणू, आणि काही आठवड्यांत बार्नॅकल, नळीत राहणारे कृमी, शिंपले. पुस्तकात हा क्रम फार शिस्तीचा दाखवतात. प्रत्यक्षात मुंबईच्या गोदीतल्या कोमट पाण्यात बार्नॅकलची पिल्लं शेवाळ येईपर्यंत थांबत नाहीत.

या बार्नॅकलच्या पिल्लाकडे नीट बघण्यासारखं आहे, कारण तुझं कोटिंग शेवटी त्याच्याशीच झगडणार. त्याच्या शेवटच्या अवस्थेला सायप्रिड म्हणतात. आकार जेमतेम अर्धा मिलिमीटर. सायप्रिड काही खात नाही, तिला फक्त जागा शोधायची असते. पुढच्या दोन स्पर्शिकांवर ती पृष्ठभागावर चक्क चालते. प्रत्येक पावलाला थोडा चिकट द्रव ठेवते, जागा नाही आवडली तर पाय उचलून पुढे जाते. तिच्या पावलांचे हे ठसे मागे राहतात आणि दुसऱ्या सायप्रिडना तिकडे ओढतात. म्हणूनच एक बार्नॅकल बसला की शेजारी वस्ती होते. जागा पसंत पडली की ती कायमचं सिमेंट सोडते, आणि तिथून पुढे खरवडण्याशिवाय इलाज नसतो.

हे सगळं अंगावर घेऊन जहाज चाललं तर इंजिनावर किती भार येतो? अमेरिकी नौदलाच्या युद्धनौकांवर मायकेल शुल्ट्झ यांनी २००७ मध्ये केलेला हिशेब या धंद्यात सगळे वापरतात. नुसत्या बुळबुळीत थरानेही लागणारी शक्ती दहा टक्क्यांहून जास्त वाढते, आणि कवचवाल्या प्राण्यांचा जाड थर बसला तर नेहमीच्या वेगाला ८६ टक्क्यांपर्यंत. म्हणजे 'विष नको, म्हणून काहीच लावायचं नाही' हाही पर्यावरणपूरक मार्ग नाही. जादा जळलेलं इंधन हवेत जातं आणि तळाला चिकटलेले प्राणी दुसऱ्या देशाच्या बंदरात उतरतात. विशाखापट्टणमला १९६७ मध्ये मायटिलॉप्सिस सॅलेई नावाचा परका शिंपला नोंदला गेला, पुढे तो मुंबईच्या गोद्यांतही ठाण मांडून बसला.

आता एक जुनी गोष्ट, कारण तुझ्या गाइडच्या सूचनेचं उत्तर तिच्यात आहे. अठराव्या शतकात ब्रिटिश नौदलाने लाकडी जहाजांच्या तळाला तांब्याचा पत्रा मारायला सुरुवात केली. त्यावर काही चिकटेना, पण तांबं झिजत होतं. हम्फ्री डेव्ही यांना विचारलं, तेव्हा त्यांनी १८२४ मध्ये तोडगा दिला: तांब्याला जस्ताचे किंवा ओतीव लोखंडाचे तुकडे जोडा, ते झिजतील आणि तांबं वाचेल. रसायनशास्त्र अचूक होतं. तांबं खरंच झिजायचं थांबलं, आणि त्यावर शेवाळ आणि बार्नॅकल जोमाने चढले. नौदलाला ते तुकडे काढून टाकावे लागले. पत्र्यावरचं तांबं कोणालाच मारत नव्हतं. मारत होतं ते पाण्यात विरघळून सुटणारं तांबं.

कुठल्याही कोटिंगला हाच प्रश्न विचारायचा: फिल्ममधून बाहेर काय येतं, किती वेगाने येतं, आणि बाहेर आल्यावर त्याचं पुढे काय होतं? डब्यात काय घातलं हे लेबलपुरतं ठीक.

एपॉक्सीची जाळी घट्ट विणलेली असते. ती पाण्यात झिजत नाही. नॅनो झिंक ऑक्साइड त्यात अडकून बसलं तर ते डेव्हीच्या वाचवलेल्या तांब्यासारखं निरुपयोगी, आणि सुटायला लागलं तर तो सरळसरळ बायोसाइड (जीव मारणारं विष) झाला. मग तो किती सुटतो ते मोजल्याशिवाय पर्यावरणपूरक हा शब्द वापरायचा नाही. संत्र्याच्या सालीतलं मुख्य द्रव्य लिमोनीन. ते उडून जाणारं आहे आणि चांगलं सॉल्व्हंटही आहे, त्यामुळे फिल्म मऊ करून ते स्वतः हवेत किंवा पाण्यात निघून जाईल. जहाजाला कोटिंग पाच वर्षं टिकायला हवं असतं. नागपूरचा विद्यार्थी म्हटला की संत्र्याची साल येतेच, आणि ती नसेल तर भिवापुरी मिरची. कॅप्सायसिनवर जगभर प्रयोग झालेले आहेत, अडचण तीच, ते धरून ठेवून हळूहळू सोडणार कोण? निसर्गातून आलेलं म्हणून निरुपद्रवी, हेही मनातून काढून टाक. पण गाइडशी वाद घालायची गरज नाही. त्यांची सूचना एक सिरीज म्हणून प्रकल्पात ठेव आणि बाकीच्यांच्या बरोबरीने मोज. आकडे आले की तेच वाचतील.

विष सोडायचं, पण बेताने सोडायचं, ही कला ट्रायब्युटिलटिनच्या (टिनचं, म्हणजे कथिलाचं, विषारी संयुग) काळात कळसाला पोचली. त्यात टिन नुसतं मिसळलेलं नव्हतं, अ‍ॅक्रिलिक पॉलिमरच्या साखळीला एस्टर बंधाने बांधलेलं होतं. समुद्राचं पाणी किंचित अल्कधर्मी, पीएच ८ च्या जरा वर. त्या पाण्यात हा बंध पृष्ठभागावरच तुटतो, टिन सुटतं, उरलेली साखळी पाण्यात विरघळते आणि वरचा पातळ थर धुऊन जाऊन खालचा ताजा थर उघडा पडतो. साबणाची वडी वापरताना गुळगुळीत होत जाते, तसा जहाजाचा तळ प्रवासात गुळगुळीत होत जायचा. म्हणून नाव सेल्फ-पॉलिशिंग. रंगाच्या धंद्यातली म्हणून सांगते, इतकं देखणं रसायन पुन्हा झालं नाही.

पण सुटलेलं टिन जायचं कुठे? फ्रान्समधल्या आर्काशाँच्या खाडीत १९७० च्या दशकाच्या शेवटी कालवांची पिल्लं धरेनाशी झाली, शिंपांची कवचं वेडीवाकडी जाड व्हायला लागली. गोगलगायींसारख्या डॉग-व्हेल्कच्या माद्यांना नराचे अवयव फुटू लागले, आणि त्यासाठी लिटरला एखादा नॅनोग्रॅम टिन-संयुग पुरत होतं. फ्रान्सने १९८२ मध्ये २५ मीटरपेक्षा लहान बोटींवर ते बंद केलं. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा करार २००१ मध्ये झाला, १७ सप्टेंबर २००८ पासून लागू झाला. त्याच करारात पुढे सायब्युट्रिन हे शेवाळनाशकही घातलं गेलं, २०२३ पासून.

टिन गेलं तेव्हा बाजारात आले तांब्याचं, जस्ताचं आणि सिलिल अ‍ॅक्रिलेट. सिलिल अ‍ॅक्रिलेट हे टिनवाल्याचं सगळ्यांत जवळचं भावंड: टिनच्या जागी सिलिल गट, बंध तसाच पाण्यात तुटतो, झीज तशीच नियमित. फरक हा, की हे पॉलिमर स्वतः विषारी नाही, म्हणून त्यात क्युप्रस ऑक्साइड भरावं लागतं, तेही भरपूर, आणि वर शेवाळासाठी दुसरं एखादं बूस्टर (जोडीला घातलेलं रसायन). आज समुद्रावर फिरणाऱ्या बहुतेक मालवाहू जहाजांच्या तळाला याच घराण्यातलं काही ना काही असतं. टिनपेक्षा पुष्कळ बरं, यात शंका नाही. पण बोटींनी गच्च भरलेल्या, पाणी फारसं न हलणाऱ्या बंदरात तांबं गाळात साचतच राहतं. बूस्टरमध्ये एक प्रकार मला मात्र मनापासून आवडतो: मेडेटोमिडिन. हे जनावरांना गुंगी आणायचं औषध. सायप्रिडला ते मारत नाही, उलट तिला इतकं अस्वस्थ करतं की ती पाय मारत पळून जाते. ओल्या पेंटमध्ये वजनाने ०.१ टक्का पुरतं. बार्नॅकल सोडून बाकी कोणाला ते हात लावत नाही, म्हणून एकट्याने कामाचं नाही.

दुसरा रस्ता विषाचा नाहीच. चिकटायचं तर चिकटा, पण धरून राहता येणार नाही, असा पृष्ठभाग करायचा. याला फाउलिंग-रिलीज म्हणतात, आणि त्यातला राजा पॉलिडायमिथाइलसिलोक्सेन, म्हणजे आपलं सिलिकॉन रबर. इथे प्रत्येक विद्यार्थी एकच प्रश्न विचारतो: मग टेफ्लॉन का नाही, त्याला तर काहीच चिकटत नाही? टेफ्लॉनची पृष्ठऊर्जा सुमारे १८ मिलिन्यूटन प्रति मीटर, सिलिकॉनची २२ ते २४ च्या आसपास. तरीही समुद्रात टेफ्लॉनवर प्राणी जास्त घट्ट बसतात. रॉबर्ट बेयर यांनी पृष्ठऊर्जा आणि चिकटण्याचा जोर यांचा आलेख काढला, तेव्हा सगळ्यांत कमी जोर बरोबर त्या २२ ते २४ च्या पट्ट्यात आला. शिवाय कडकपणाचा भाग आहे. टेफ्लॉनचं मॉड्युलस (कडकपणाचं माप) काही शे मेगापास्कल, सिलिकॉन रबरचं एक-दोन. कडक पृष्ठभागावरून बार्नॅकल काढायचा तर सगळा सांधा एकदम तोडावा लागतो. मऊ रबर ओढलं की वाकतं, कडेला फट पडते आणि तिथून सोलत जातं. पृष्ठऊर्जा आणि मॉड्युलस यांचा गुणाकार घेऊन त्याचं वर्गमूळ काढलं की चिकटण्याच्या जोराचा अंदाज येतो, एवढं लक्षात ठेव. फिल्मची जाडीही यात शिरते. मऊ थर पातळ असला की खालच्या कडक एपॉक्सीचा प्रभाव जाणवतो आणि ओढायला जास्त जोर लागतो. म्हणून वेगवेगळ्या जाडीच्या दोन नमुन्यांची तुलना करून 'माझं पॉलिमर सरस' असं लिहिलेलं मी वाचायला घेत नाही.

सिलिकॉनची दुखणी डॉकमधल्या माणसाला विचार. एपॉक्सीवर ते थेट धरत नाही, मध्ये टाय-कोट, म्हणजे दोघांना जोडणारा थर, लागतो. साखळीने, फेंडरने, नांगराने ओरबाडलं की पट्टाच निघतो. जहाज वेगाने चाललं तरच पाणी घाण ओढून काढतं; बंदरात आठवडेच्या आठवडे उभ्या राहणाऱ्या टगला, बार्जला त्याचा फार उपयोग नाही. डायटमचा बुळबुळीत थर वेगातही पूर्ण सुटत नाही. आणि स्प्रे करताना सिलिकॉनचा तुषार शेजारच्या जहाजावर गेला, तर तिथल्या पेंटमध्ये फिश-आयचे खड्डे पडतात. तुमच्या लॅबमध्येही हेच होईल: ब्रश, हातमोजे, बीकर, सगळं वेगळं ठेव, नाहीतर वर्गातल्या बाकीच्यांचे पॅनल खराब होतील आणि तुला कळायच्या आधी सगळे तुझ्यावर चिडलेले असतील.

सिलिकॉनही आपसूक पवित्र होत नाही. बऱ्याच सिलिकॉनला क्युअर करायला, म्हणजे पक्कं करायला, डायब्युटिलटिन वर्गातलं उत्प्रेरक घालतात. टिनमुक्त म्हणवणाऱ्या डब्यात टिन! आंतरराष्ट्रीय नियम उत्प्रेरक म्हणून त्याला मुभा देतो, सुक्या पेंटच्या किलोमागे २५०० मिलिग्रॅम टिनपर्यंत. काही कोटिंगमध्ये सुटून जाण्यासाठीच सिलिकॉन तेल घातलेलं असतं. काहींत फ्लोरोपॉलिमर असतात, आणि न विघटणाऱ्या फ्लोरिन संयुगांवर आता युरोपात वादळ उठलंय. तोच जुना प्रश्न इथेही विचारायचा.

नव्या पॉलिमरांपैकी झ्विटरआयनिक (एकाच साखळीवर धन आणि ऋण दोन्ही भार असलेली) आणि पॉलिइथिलीन ग्लायकॉलवाली पाण्याचा थर घट्ट धरून ठेवतात, त्यामुळे प्रथिनंच बसत नाहीत. प्रयोगशाळेत निकाल सुंदर येतात, समुद्रात ही मऊ, फुगणारी फिल्म टिकवणं कठीण. ग्लायकॉलची साखळी ऑक्सिडेशनने तुटतेही. शार्कच्या कातडीवरून सुचलेला, फ्लोरिडा विद्यापीठातला दोन मायक्रॉनच्या रेघांचा पृष्ठभाग शेवाळाच्या बीजाणूंना छान अडवतो, पण जिवाणूपासून शिंपल्यापर्यंत प्रत्येकाचा आकार वेगळा, एकच नक्षी सगळ्यांना पुरत नाही. मुख्य साखळीच तुटत जाणारी पॉलिएस्टर-पॉलियुरेथेन ही मला सगळ्यांत आशादायक वाटतात. ग्वांगझाओ झांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चीनमध्ये यावर मोठं काम केलं आहे. पृष्ठभाग स्वतःच झडत राहतो, त्यामुळे उभ्या जहाजालाही उपयोग. तरी ती तुला सुचवत नाही. यांतल्या नेहमीच्या पॉलिएस्टरची, म्हणजे पॉलिकॅप्रोलॅक्टोनची, झीज खऱ्या समुद्रात सूक्ष्मजीवांच्या एन्झाइममुळे होते ती वेगळी आणि तुझ्या बाटलीतल्या मिठाच्या पाण्यात होते ती वेगळी. नागपुरात काढलेला झिजेचा दर समुद्रात खरा ठरणार नाही.

सिलोक्सेन-पॉलियुरेथेनचं तसं नाही. नॉर्थ डकोटा स्टेट विद्यापीठातल्या डीन वेब्स्टर यांच्या गटाने हे रसायन चांगलं बसवून दिलंय. अमिनोप्रोपिल टोकं असलेलं सिलोक्सेन, एक पॉलिऑल आणि आयसोफोरोन डायआयसोसायनेटचा ट्रायमर. वजनाने १० ते २० टक्के सिलोक्सेन घेतलं की क्युअर होताना ते आपणहून वर येतं आणि खाली कणखर युरेथेन राहतं. एपॉक्सी प्रायमरवर ते टाय-कोटशिवाय धरतं. अमाइन आणि आयसोसायनेट झटकन भिडतात, म्हणून पॉट-लाइफ (मिसळल्यावर वापरता येण्याचा वेळ) वाढवायला थोडं अ‍ॅसिटिलअसिटोन घाल. उत्प्रेरक टिनचं नको, बिस्मथचं घे. क्युअर थोडं रेंगाळेल, चालेल.

नागपूरच्या हवेचं भान ठेव. तुलनेसाठी साधं ओलाव्याने क्युअर होणारं सिलिकॉन लावशील, ते मे महिन्याच्या कोरड्या हवेत चिकटच राहील. खोलीत कूलर चालू ठेवून आर्द्रता वाढव आणि ती लिहून ठेव. उलट जुलैत आयसोसायनेट हवेतला ओलावा खाऊन कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे काढेल. शक्य असेल तर युरेथेनचे पॅनल नोव्हेंबर ते फेब्रुवारीत उरकून घे.

मोजायचं काय? कृत्रिम समुद्रपाण्याची ठरलेली कृती आहे, एएसटीएम डी ११४१ हे मानक: लिटरला २४.५ ग्रॅम मीठ, त्याखाली मॅग्नेशियम क्लोराइड, सोडियम सल्फेट आणि बाकीचे क्षार, पीएच ८.२. त्यात बुडवण्याआधी आणि दोन-तीन आठवड्यांनी पाण्याचा काँटॅक्ट अँगल घे. सुरुवातीला शंभर अंशांच्या वर येईल. पाण्याखाली पृष्ठभागाची फेरमांडणी होऊन तो किती घसरतो, हीच या पॉलिमरची खरी परीक्षा. मग खोटा बार्नॅकल. पुल-ऑफ टेस्टरची अ‍ॅल्युमिनियमची डॉली एपॉक्सी गोंदाने कोटिंगवर चिकटवायची, पूर्ण क्युअर होऊ द्यायची आणि एकाच वेगाने ओढायची. एपॉक्सी, साधं सिलिकॉन आणि तुझं कोटिंग, तिन्ही एकाच जाडीवर. आकड्याबरोबर डॉलीचं बूड बघ: गोंद स्वच्छ सुटला, की कोटिंगचा तुकडा बरोबर घेऊन आला? तुकडा आला तर तो आकडा चिकटण्याचा नाही, फिल्म फाटण्याचा आहे.

फिल्म बुडवून ठेवलेलं पाणी फेकू नकोस. त्यातलं टिन, बिस्मथ, झिंक आयसीपीवर (धातूंचे अंश मोजणारं यंत्र) मोजून घे. त्याच पाण्यात आर्टेमियाची (खाऱ्या पाण्यातला कोळंबीसारखा बारीक जीव) पिल्लं २४ तास ठेवून किती जगतात ते बघ. आर्टेमियाची अंडी माशांच्या दुकानात मिळतात, मिठाच्या पाण्यात दीड दिवसात फुटतात. विषारीपणाच्या पद्धतीबद्दल शंका असेल तर नीरी, ही राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, तुझ्याच गावात आहे. अंबाझरी तलावात पॅनल सोडायचा मोह होईल. गोड्या पाण्यातला बुळबुळीत थर कसा बसतो एवढंच त्यातून कळेल, बार्नॅकल तिथे नाहीत. बुळबुळीत थरातच रस असेल तर कोराडीच्या वीज केंद्राचं शीतकरण जास्त मजेशीर विषय आहे. तिथे भांडेवाडीचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी वापरतात. पण तो वेगळा प्रकल्प.

समुद्रात उतरवल्याशिवाय शीर्षकात अँटीफाउलिंग (जीव बसू न देणारं) लिहू नकोस, 'फाउलिंग-रिलीजसाठी सिलोक्सेन-पॉलियुरेथेन' एवढंच लिही. किनाऱ्यावर जायचं तर गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था किंवा अंबरनाथची नौदल पदार्थ प्रयोगशाळा यांच्याशी विभागामार्फत आधीच पत्रव्यवहार करायला सांग, परवानग्यांना वेळ लागतो. पॅनल पावसाळा संपल्यावर टाक. पावसात खाडीचं पाणी गोडं होतं आणि निकाल बिघडतो. प्रत्येक रॅकवर कोरा एपॉक्सी आणि बाजारातलं एक तयार कोटिंग हवंच. नंबर मार्करने लिहू नकोस, पंचाने ठोक. दोर नायलॉनचा घे, लोखंडी तार गंजून तुटते आणि पॅनल तळाला जातो. काढताना फोर्स गेज बरोबर ने आणि बार्नॅकल तिथेच, पॅनल ओला असताना, बाजूने ढकलून काढ. लागलेला जोर भागिले त्याच्या बुडाचं क्षेत्रफळ. बुडाचा दहा टक्क्यांहून जास्त भाग मागे राहिला तर ते वाचन एएसटीएम डी ५६१८ प्रमाणे बाद धरायचं. वाळलेले पॅनल कुरिअरने नागपूरला मागवून ही चाचणी होत नाही, म्हणून एक माणूस तिकडे जाण्याचा खर्च प्रस्तावात आत्ताच लिहून टाक.